परक्या भूमीतले नवान्न
(मंडळाच्या कोजागिरीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अमेरिकेतील वास्तव्याविषयी मी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी थोडी बिचकलेच. अमेरिकेची वर्णने ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत. उंच इमारती, रुंद रस्ते, गुडघाभर बर्फ, आणि धुण्याभांड्यांना बाई मिळत नाही ही तक्रार! त्यांतले काहीही मी आज सांगणार नाही. आम्ही बॉस्टन शहराजवळच्या एका लहान गावी सहा वर्षे राहिलो. गेलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलगा दोन वर्षांचा. त्या सहा वर्षांतल्या शरद ऋतूंपुरतेच मी बोलणार आहे. आज कोजागिरी, म्हणजे कोकणातली नवान्न पौर्णिमा. दुसऱ्या देशातले नवान्न कसे असते, आणि मुलांचे बोट धरून आपण त्यात कसे शिरतो, हे सांगावयास याहून चांगला दिवस कोणता?

हा विषय निवडण्याचे आणखीही एक कारण आहे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणींची मुलगी, सून किंवा भाची परदेशी आहे. तिकडची नातवंडे आपली राहतील की नाही, हा घोर आपल्या मनाला असतो. आपण तो बोलून दाखवीत नाही, पण फोनवर पहिला प्रश्न येतो तो "दिवाळी केलीत ना?" हाच. तिकडच्या आईलाही तोच घोर असतो. दिवाळी मंगळवारी आली तर ती साजरी व्हायची शनिवारी, कारण हॉल शनिवारी मिळतो. फराळ होतो, रांगोळी निघते, पणत्या लागतात. परंतु दाराबाहेर पाऊल टाकले की त्या सणाची खूण कोठेच नसते. बाजारात नाही, शेतात नाही, शेजारच्या अंगणात नाही. मुलांनी सण पाहायचा तो बंद दाराआड. आणि त्याच दिवसांत बाहेर मात्र दुसराच एक सण रस्तोरस्ती मांडलेला असतो. मुलांचे डोळे साहजिकच खिडकीबाहेर. मग आईने काय करावे? खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, की मुलांना घेऊन बाहेर पडावे? आम्ही बाहेर पडलो. त्याचे काय झाले, ते ऐका.

प्रथम तो ऋतू कसा असतो ते सांगते. आपल्याकडे शरद म्हणजे पाऊस सरून निवळलेले आकाश, पिवळी पडत चाललेली भाते आणि दुपारचे चटका लावणारे ऊन. तिकडे हिवाळ्याची पहिली वर्दी झाडांना लागते. दिवस लहान होऊ लागले की पानांतला हिरवा रंग विरत जातो. त्याखाली दडलेला पिवळा उघडा पडतो, आणि मेपलसारख्या झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. हळदीकुंकवाची ताटे कुणी डोंगरभर उपडी केली असावीत, असे ते दृश्य! तीन-चार आठवडे ही शोभा. मग सारी पाने अंगणात. मोठ्यांनी ती दाताळ्याने गोळा करायची आणि मुलांनी त्या ढिगात उड्या मारून पुन्हा पसरायची, हा तिथला घरोघरचा नित्यक्रम.

सप्टेंबर लागला की गावोगावच्या बागा लोकांना खुल्या होतात. दारात पैसे भरून एक पिशवी घ्यायची आणि आपल्या हाताने सफरचंदे तोडून ती भरायची. आमच्या मुलांना सफरचंद ठाऊक होते ते फळवाल्याच्या गाडीवर, कागदात गुंडाळलेले. झाडावर ते लटकते, आणि आपला हात तिथवर पोहोचतो, ह्याचेच त्यांना केवढे नवल! पहिल्याच दिवशी बागवाल्याने धडा दिला. फळ खाली ओढायचे नाही. तळहातावर धरून वर उचलायचे आणि किंचित पिळायचे. पिकलेले असेल तर देठासकट अलगद हाती येते. हिसडा दिला तर जिथे पुढल्या वर्षीचा मोहोर यायचा ती लहानशी काडी मोडते. माझ्या मुलीने हा नियम असा काही मनावर घेतला की धाकट्याच्या प्रत्येक फळावर तिची देखरेख! झाडाकडून घेताना पुढल्या वर्षाचे राखून घ्यावे, ही गोष्ट पाच वर्षांच्या मुलीला कोणत्या पुस्तकातून शिकविता आली असती?

आणि मौज अशी की सफरचंद हे तिथले मूळचे फळच नव्हे. त्याचे माहेर मध्य आशियात, कझाकस्तानकडच्या डोंगरांत. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ते सतराव्या शतकात अमेरिकेत नेले. बॉस्टनच्याच रॉक्सबरी भागात त्या शतकात निपजलेली खडबडीत सालीची एक जात आजही लावली जाते आणि ती त्या देशातली सर्वांत जुनी जात समजतात. म्हणजे ज्या फळावाचून तिथला शरद पुरा होत नाही, ते मुळात बाहेरून आलेले. आपल्यासारखेच!

सफरचंदांमागोमाग येतो भोपळा. आपण ज्याला लाल भोपळा किंवा डांगर म्हणतो, त्याच्याच कुळातली ही जात. ऑक्टोबरात शेतेच्या शेते भोपळ्यांनी नारिंगी दिसतात. ट्रॅक्टरमागच्या गाडीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेतात जायचे आणि प्रत्येकाने आपला भोपळा निवडून आणायचा. शेजारी उभ्या मक्यात वाटा कापून चक्रव्यूह केलेला असतो. आत शिरलेल्या बापलेकांची अभिमन्यूसारखी गत होते आणि आया बाहेर उभ्या राहून हसतात. माझ्या मुलाने एकदा एवढा मोठा भोपळा पसंत केला की त्याला तो उचलेना. तेव्हा त्याला मी लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि तिच्या भोपळ्याची गोष्ट सांगितली. तो भोपळ्याभोवती फिरून आत शिरायचे दार शोधू लागला. त्या दिवसापासून शेतातला प्रत्येक भोपळा त्याला आपल्याच गोष्टीतला वाटू लागला.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला हॅलोवीन. ह्या सणाविषयी आपल्याकडे पुष्कळ गैरसमज आहेत. आमच्या सासूबाईंनीही फोनवर विचारले, "अगं, भोपळ्याला भुताचे तोंड कोरून दारात ठेवता म्हणे? लहान मुलांच्या घरात हे कसले अभद्र?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावले नाही. मलाही आधी तसेच वाटले होते. पण चौकशी करता कळले की ही चाल आयर्लंड-स्कॉटलंडकडची. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तिकडची माणसे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली आणि त्यांना भोपळा मिळाला, कोरायला कितीतरी सोपा. हा सण येतो तो ख्रिस्ती संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्री, आणि त्यामागोमाग, दोन नोव्हेंबरला, गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस. सुगी घरात आली की गेलेल्या माणसांची आठवण काढायची, हे काय आपल्याला नवे आहे? आपला पितृपक्षही भाद्रपदातच, नवे धान्य तयार होण्याच्या तोंडावर येतो. मी हे सांगितले तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग दिवा ठेवताच आहात तर तेलाचा ठेवा."

त्या रात्री सोंगे घेतलेली मुले घरोघर जातात आणि प्रत्येक दारी खाऊ घेतात. ते पाहून मला आठवला आपला भोंडला. आपणही मैत्रिणींच्या घरी फेर धरीत होतो, गाणी म्हणत होतो आणि शेवटी खिरापत ओळखीत होतो. फरक एवढाच की त्यांना खाऊ आयता मिळतो, आपल्याला ओळखावा लागे! दुसऱ्या वर्षीपासून आम्ही नवरात्रात मागच्या अंगणात भोंडला सुरू केला. पाटावर खडूने हत्ती काढला. मुलीच्या वर्गातल्या सात-आठ मुली आल्या. गाण्याचा अर्थ त्यांना कळला नाही, पण डबा हलवून खिरापत ओळखण्याचा खेळ बरोबर कळला. पुढल्या वर्षी त्यांतल्या दोघींच्या आयांनी आपण होऊन विचारले, "तुमचा तो हत्तीचा दिवस कधी आहे?"

आता मुख्य गोष्ट सांगते. शरदात तिथल्या घरांच्या दारांवर वाळलेल्या मक्याची तीन-तीन कणसे पाती बांधून टांगलेली दिसतात. दाणे तांबडे, जांभळे, काळसर, पिवळे, असे नाना रंगांचे. ह्या मक्याला तिथे "इंडियन कॉर्न" म्हणतात. माझ्या मुलीची तर खात्रीच झाली की हा मका आपला, भारतातला! तो इंडियन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, हे तिला समजावून सांगावे लागले. पण ती कणसे पाहताना मला आमच्या सासूबाईंचे "नवे" आठवले. त्या गुहागरकडच्या. कोकणात भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडूचे फूल, झेंडू आणि आंब्याचे पान अशी जुडी करून दाराला, देव्हाऱ्याला बांधतात, त्याला म्हणतात नवे बांधणे. नवे धान्य घरात आले, त्याचे हे तोरण. सात समुद्रांपलीकडची माणसेही सुगीचे कणीस दारालाच बांधतात, हे पाहून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

मी लगेच फोन लावला. सासूबाईंना तो सारा थाट दाखविला. मग सुरू झाली त्यांची आणि नातवंडांची खलबते! "आजी, भाताची लोंबी इथे नाही." "नसू दे. तुमच्याकडे काय पिकते?" "मका." "मग मक्याचे बारके कणीस घ्या." फुलवाल्याकडे गव्हाच्या वाळलेल्या लोंब्या मिळाल्या. शेतावरच्या दुकानात चक्क कुरडूची भावंडे मिळाली, तिथे ती शोभेची फुले म्हणून विकतात. झेंडू तर होताच. आंब्याच्या पानाऐवजी मुलीने मेपलचे लालबुंद पान आणले. आजीने फोनवरून सांगितले तशी मुलांनी जुडी बांधली आणि दाराला लावली. शेजारच्या दारावर त्यांचे कणीस, आमच्या दारावर आमचे नवे. येणारे-जाणारे विचारीत आणि मुले ऐटीत सांगत, "आमची आजी असे करते." भगिनींनो, परदेशात वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी हे वाक्य यावे, म्हणून आपण किती धडपडतो! ते आले कशाने? बंद दाराआडच्या सणाने नव्हे, दाराबाहेर लावलेल्या जुडीने.

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो थँक्सगिव्हिंग, म्हणजे कृतज्ञतेचा सण. विखुरलेली कुटुंबे त्या दिवशी एकत्र जेवतात. त्याची कथा अशी. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी त्या किनाऱ्याला लागले. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे दगावले. ज्या जागी त्यांनी प्लिमथ गाव वसविले, तिथे आधी वांपानोग लोकांचे पटक्सेट नावाचे गाव होते. १६१६ नंतरच्या साथीत ते ओस पडले होते. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा माणूस १६१४ साली पळवून नेऊन स्पेनात विकला गेला होता. तिथून सुटून, इंग्लंडमार्गे तो १६१९ साली परत आला, तो गावात कोणीच उरले नव्हते. त्याच माणसाने ह्या नवख्यांना मातीत मासे पुरून मका कसा लावावा ते शिकविले. १६२१ च्या शरदात पीक आले. तीन दिवस मेजवानी झाली. वांपानोगांचा प्रमुख मॅससॉइट नव्वद माणसांसह आला आणि त्यांनी पाच हरणे आणली.

मेजवानीची ही हकीकत एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. शिकारीला कोण गेले, पाहुणे किती आले, सर्व त्याने लिहिले. रांधले कुणी, हे मात्र लिहिले नाही! त्या शरदापर्यंत वसाहतीतल्या प्रौढ बायकांपैकी फक्त चौघी जिवंत उरल्या होत्या, आणि पंगत होती दीडशेच्या आसपास. गौरी-गणपतीला पन्नास पानांचा स्वयंपाक उपसणाऱ्या तुम्हा-आम्हाला त्या चौघींच्या कंबरेची कल्पना सहज यावी.

हा दिवस साऱ्या देशाचा झाला तोही एका स्त्रीच्या चिकाटीने. सेरा जोसेफा हेल ही पाच मुलांची विधवा आई. लेखणीवर तिने संसार चालविला आणि स्त्रियांच्या एका मोठ्या मासिकाचे संपादन केले. मेरीच्या कोकराचे जे इंग्रजी बालगीत आपली मुले शाळेत म्हणतात, ते तिचेच. ह्या सणासाठी तिने वर्षानुवर्षे लेख लिहिले, राज्यपालांना पत्रे धाडली. शेवटी १८६३ साली, यादवी युद्धाच्या ऐन धुमाळीत, अध्यक्ष लिंकन यांनी हा राष्ट्रीय दिवस जाहीर केला. चौथा गुरुवार १९४१ सालच्या कायद्याने ठरला.

परंतु कथा एवढ्यावर थांबविली तर ती अर्धी राहील. त्या मेजवानीनंतर पंचावन्न वर्षांच्या आतच, १६७५-७६ च्या युद्धात, मॅससॉइटचा मुलगा इंग्रजांविरुद्ध लढताना मारला गेला आणि त्याच्या लोकांची जमीन गेली. म्हणून १९७० सालापासून मूळ रहिवासी त्याच गुरुवारी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. ते लोक आजही आहेत. त्यांच्यापैकी अक्विना गावचे वांपानोग ऑक्टोबरात क्रॅनबेरी नावाच्या आंबट, लाल फळाचा दिवस पाळतात. त्या दिवशी मुले शाळेत न जाता वडीलधाऱ्यांबरोबर ती फळे वेचतात. हे सारे मी मुलांना सांगितले, त्यांच्या वयाला झेपेल तसे. मुलीने विचारले, "मग आपण जेवायचे की नाही?" मी म्हटले, "जेवायचे. पण हे शेत आधी कुणाचे होते, ते विसरून जेवायचे नाही."

शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आम्हाला त्या जेवणाला बोलाविले. आम्ही शाकाहारी, म्हणून टर्कीवाचूनचे चार पदार्थ त्यांनी मुद्दाम वेगळे केले. रिकाम्या हाताने कसे जायचे? मी घारगे केले. कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्याला चव नाही. स्वयंपाकाला लहान, गोड जातीचा भोपळा घ्यावा लागतो. तो किसून गुळाबरोबर शिजविला, त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडे तांदळाचे पीठ आणि चिमूटभर मीठ घातले, पाण्याचा थेंब घातला नाही, आणि तळले. क्रॅनबेरीचे मोहरी-मेथी घालून लोणचेही नेले. बाईंनी केला होता भोपळ्याचा पाय, म्हणजे पिठाच्या पारीत भाजलेले गोड सारण. त्याला वास कशाचा यावा? दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ! मी थक्क झाले. भोपळा मूळचा अमेरिकेचा, तो आमच्या घारग्यांत. मसाले सारे पूर्वेकडचे, ते त्यांच्या पायमध्ये. दोन्ही ताटे शेजारी ठेवली तेव्हा कोण कुणाचा पाहुणा, हे सांगता येईना.

घरी येऊन मी हिशेब मांडला. आपली उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद अमेरिकेचा. शेंगदाणा, बटाटा, मिरची तिकडचीच. रताळे तिकडचे. दसऱ्याचा झेंडूसुद्धा तिकडचा! चार-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांच्या जहाजांनी ह्यांतले बरेचसे आपल्या किनाऱ्यावर आणले. आपल्या पणजींनी त्यांना परके म्हणून दाराबाहेर ठेवले नाही. त्यांना फोडणी दिली, गूळ घातला, नैवेद्याच्या पानात बसविले. परके आपले होते ते असे, हाताखालून गेल्याने. मग आपली नातवंडे तिथल्या भोपळ्याला हात लावतात, म्हणून ती परकी कशी होतील?

त्या टेबलाभोवती प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायची रीत आहे. आपल्याला हे अवघड जाते. आपण घरच्या माणसांचे आभार शब्दांनी मानीत नाही. ताटाभोवती पाणी फिरवतो, चित्राहुती घालतो, गाईला घास ठेवतो. आमच्या "ह्यां"नी खाकरून बाईंचे आभार मानले. मुलगी म्हणाली, "आजी फोनवर नवे शिकवते म्हणून." धाकट्याने फक्त "भोपळा" एवढेच सांगितले आणि घारगा मागितला.

आता माझे म्हणणे थोडक्यात सांगते. सण तारखेने परदेशी नेता येतो, पण तो रुजतो तिथल्या ऋतूत आणि तिथल्या पिकात. ज्या भूमीचे अन्न मूल खाते, त्या भूमीची सुगी त्याने हाताने अनुभवावी. आणि तिचे स्वागत करण्याची रीत त्याने आपल्याकडून न्यावी. म्हणून आजीबाईंना माझी विनंती आहे. "दिवाळी केलीत ना?" एवढेच विचारून थांबू नका. "तुमच्याकडे आता काय पिकले आहे?" असेही विचारा, आणि त्याचे आपल्या पद्धतीने काय करता येईल ते सांगा. तुमच्याजवळची ही विद्या पुस्तकात नाही, आणि तिकडे तिची वाट पाहणारे हात आहेत.

आणि जाता जाता एक विनंती मंडळाला. तिकडची मुले आपण होऊन शेतात जातात, पण आपल्या डोंबिवलीतल्या किती मुलांनी भाताची लोंबी हातात धरली आहे? कर्जत, मुरबाड आपल्याला लांब नाही. ह्या दिवसांत तिथे कापणी चालू असते. यंदा मंडळाने एक रविवार ठरवून मुलांना तिथे न्यावे, भात कसा कापतात, झोडतात, पाखडतात ते दाखवावे. आणि ज्या बायकांनी आषाढात चिखलात उभे राहून ती लावणी केली, त्यांच्याशी दोन शब्द बोलू द्यावे. त्या चौघींची नावे पत्रात आली नाहीत. ह्यांची तरी आपल्या मुलांना ठाऊक असावीत. येताना प्रत्येक मुलाने एकेक लोंबी आणावी आणि आपापल्या दाराला नवे बांधावे. जुडी कशी बांधायची, ते शिकवायला आमच्या सासूबाई तयार आहेत.

 दूध आटत आले आहे, त्याचा वास इथवर येतो आहे.